एफ ६ एचपीएस आणि एफ ८ एचपीएस: डायलायझर विकत घेण्याआधी

डायलिसिस सेंटरने हातात दिलेल्या यादीत डायलायझर, ट्यूबिंग, फिस्टुला नीडल, सलाइन, हेपारिन असं सगळं एकाखाली एक लिहिलेलं असतं. यातली सगळ्यात महागडी वस्तू बहुधा डायलायझरच, म्हणजे रक्त साफ करणारं नळकांडंच, असते आणि तिच्याबद्दलच सगळ्यात कमी विचारलं जातं. फ्रेसेनियस कंपनीचे एफ ६ एचपीएस आणि एफ ८ एचपीएस हे दोन डायलायझर आपल्याकडच्या सेंटरांत नेहमीचे. दोन्ही लो-फ्लक्स, म्हणजे बारीक छिद्रांच्या जाळीचे, आणि दोन्हींची जाळी पॉलिसल्फोन या प्लास्टिकची. दोन्ही दणकट आहेत, भरवशाचे आहेत. तरी 'आठ नंबर सहापेक्षा मोठा, म्हणून चांगला' हा हिशेब अर्धाच खरा आहे. बारीक अंगाच्या पेशंटला एफ ६ पुरतो. साठ-पासष्ट किलोंच्या पुढे एफ ८ घ्यावा, पण रक्ताचा वेग मिळणार असेल तरच. वेग मिळत नसेल तर जास्तीचे पैसे त्या नळकांड्यात नुसते पडून राहतात.

हे नीट कळायला मूळ अवयव काय करतो ते बघायला हवं.

एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात, माणसामाणसांत बराच फरक धरून. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला लिटरभर, दोन्ही मूत्रपिंडांतून जातो. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुंता असतो, तो ग्लोमेरुलस. तिथल्या भिंतीला तीन थर आहेत: आत भोकं असलेला पेशींचा पापुद्रा, मध्ये बेसमेंट मेम्ब्रेन आणि बाहेरून पोडोसाइट पेशींची बोटं एकमेकांत अडकवून केलेली फट. पाणी, मीठ, साखर, युरिया, क्रिएटिनिन यातून आरपार जातात. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन आणि रक्तपेशी मागे राहतात. तरुण, निरोगी माणसात मिनिटाला १०० ते १२५ मिलि, म्हणजे दिवसाला १५० ते १८० लिटर पाणी गाळून निघतं. त्यातला ९९ टक्के भाग पुढच्या नलिका परत शोषून घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी उरते.

मूत्रपिंडाचं खरं कसब या परत घेण्यात आहे. ते आधी जवळपास सगळं बाहेर टाकतं आणि मग हवं तेवढं मोजून उचलतं. डायलायझरला अशी नलिका नाही. तो एकदा गेलेलं परत आणू शकत नाही, म्हणून जे जाऊ द्यायचं नाही ते आधीच पलीकडच्या पाण्यात घालून ठेवावं लागतं. या पाण्यात, म्हणजे डायलिसेटमध्ये, सोडियम लिटरला १३५ ते १४० मिलिमोल ठेवतात ते यासाठीच: दोन्ही बाजूंना सारखंच असलं की सोडियम पळत नाही. पोटॅशियम मुद्दाम कमी, साधारण २ ठेवतात, म्हणजे ते रक्तातून निघतं. बायकार्बोनेट रक्तातल्यापेक्षा जास्त, ३२ ते ३५, म्हणजे ते उलट आत शिरतं आणि साचलेलं आम्ल शमवतं. युरिया आणि क्रिएटिनिन त्या पाण्यात शून्य. मशीनच्या पायाशी ठेवलेल्या पार्ट ए आणि पार्ट बी या दोन कॅनचं काम हेच. कॅन बदलताना अदलाबदल झाली किंवा पावडर अर्धवट विरघळली की मशीन कंडक्टिव्हिटीचा, म्हणजे क्षारांचं प्रमाण चुकल्याचा, अलार्म देतं. तो अलार्म दाबून पुढे जाऊ देऊ नये.

आता नळकांडं. आत केसासारखे पोकळ धागे भरलेले असतात. एफ ८ चं क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर आहे, एका धाग्याचा आतला व्यास २०० मायक्रॉन आणि भिंतीची जाडी ४० मायक्रॉन. एवढं क्षेत्रफळ जमायला वीतभर लांबीचे दहा-बारा हजार धागे लागतात. एफ ६ चं क्षेत्रफळ १.३ चौरस मीटर. रक्त धाग्यांच्या आतून जातं, डायलिसेट बाहेरून उलट्या दिशेने. निळ्या टोकाशी, जिथून रक्त बाहेर पडतं तिथे, ताजं डायलिसेट आत येतं. त्यामुळे रक्त जवळपास स्वच्छ झालेलं असतानाही समोर त्याहून स्वच्छ पाणी असतं आणि युरियाची ओढ शेवटपर्यंत टिकते. घाईत कनेक्टर उलटे लागले की दोन्ही प्रवाह एका दिशेने वाहू लागतात आणि सफाई लक्षणीय घटते. मशीन मात्र गप्प राहतं, कारण त्याच्या दृष्टीने सगळं सुरळीत असतं. नजर टाकून पाहण्यासारखी ही गोष्ट आहे.

मग सहा की आठ? सत्तर किलोंचा पुरुष घेऊ. शरीरातलं पाणी सुमारे ४० लिटर. आठवड्याला तीन डायलिसिस असतील तर एका सेशनचा केटी बाय व्ही (मिनिटाला साफ होणारं रक्त गुणिले मिनिटं, भागिले शरीरातलं पाणी) १.४ ठेवायचं लक्ष्य असतं, १.२ च्या खाली चालत नाही. चार तासांत १.४ गाठायचं तर १.४ गुणिले ४०,००० भागिले २४०, म्हणजे मिनिटाला २३३ मिलि रक्त युरियापासून पूर्ण मोकळं व्हायला हवं. रक्त ओढणारा पंप २०० वर चालत असेल तर हे गणितातच बसत नाही. मिनिटाला २०० मिलि रक्त आत जातंय, त्यातून २३३ मिलि साफ होऊन येणार कुठून? एफ ८ लावा नाहीतर त्याहून महाग काही लावा, मर्यादा पंपाने घातलेली आहे. इथे आधी वेग ३०० च्या पुढे न्यावा लागतो, त्यासाठी १७ ऐवजी १६ गेजची, पुढे जमलं तर १५ गेजची सुई लागते (गेजचा आकडा लहान तेवढी सुई जाड). तो वेग मिळाला की मग एफ ८ चं जास्तीचं क्षेत्रफळ कामाला येतं. तरी चार तासांत जेमतेमच होतं. साडेचार तास मिळाले तर उत्तम.

आता पन्नास किलोंची बाई. पाणी साधारण २५ लिटर. तोच हिशेब केला की मिनिटाला १४६ मिलि पुरतात. २५० च्या वेगावर एफ ६ हे काम आरामात करतो. तिला एफ ८ लावून मिळतं थोडं, आणि बाहेर खेळणारं रक्त मात्र वाढतं. एफ ६ मध्ये ७८ मिलि रक्त मावतं, एफ ८ मध्ये ११३. ट्यूबिंगमधलं वेगळंच. हिमोग्लोबिन आधीच सात-आठ असलेल्या, बीपी पटकन उतरणाऱ्या पेशंटला हा फरक जाणवतो, आणि डायलायझर गोठून फेकावा लागला तर तो फरक थेट नुकसानीत जमा होतो.

पंपावरचा आकडा खरा आहे की नाही हेही बघावं. आर्टेरियल प्रेशर, म्हणजे शरीरातून रक्त ओढणाऱ्या बाजूचा दाब, उणे २०० ते उणे २५० च्या खाली गेलं की पंप ३०० दाखवत असला तरी प्रत्यक्षात तेवढं रक्त येत नाही. ट्यूब चपटी होते आणि आकडा नुसता फुशारकी मारतो. फिस्टुलात (सुया टोचण्यासाठी हातात धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) सुया फार जवळ टोचल्या असतील किंवा फिस्टुला पुढे अरुंद झाला असेल तर साफ झालेलंच रक्त पुन्हा ओढलं जातं, त्याला रीसर्क्युलेशन म्हणतात. रिपोर्ट बिघडला की डायलायझरला दोष देण्याआधी ही दोन कारणं तपासा. बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडेल.

रिपोर्ट म्हणजे महिन्याला एकदा डायलिसिसच्या आधीचा आणि नंतरचा युरिया. आधी १५०, नंतर ५०, तर घट ६६.७ टक्के. याला यूआरआर म्हणतात आणि तो किमान ६५ हवा. नंतरचं सँपल घेण्याची रीत महत्त्वाची: पाणी काढणं थांबवून पंप १०० किंवा त्याखाली आणायचा, पंधरा सेकंद थांबायचं आणि आर्टेरियल पोर्टमधूनच रक्त घ्यायचं. व्हेनस बाजूने, म्हणजे रक्त शरीरात परत जातं तिथून, घेतलं तर नुकतंच साफ झालेलं रक्त हाती येतं आणि रिपोर्ट खोटा छान दिसतो. आणखी एक गोष्ट. हे सगळे आकडे आठवड्याला तीन सेशनसाठी आहेत. आपल्याकडे खर्चापोटी दोनच सेशन सर्रास केले जातात. स्वतःची लघवी बऱ्यापैकी शिल्लक नसेल तर दोन सेशनमध्ये ६५ टक्के आले म्हणून भागत नाही, आणि कुठलाही डायलायझर तिसऱ्या सेशनची भरपाई करत नाही.

पाणी काढण्याच्या बाबतीत दोन्ही डायलायझर लागतात त्यापेक्षा जास्तच सक्षम आहेत. एफ ६ चा अल्ट्राफिल्ट्रेशनचा गुणांक १३, एफ ८ चा १८. म्हणजे पाऱ्याच्या दर एक मिलिमीटर दाबाला तासाला तेवढे मिलि पाणी निघतं. चार तासांत ३ लिटर काढायचं तर तासाला ७५० मिलि, आणि एफ ६ ला त्यासाठी साठेक मिलिमीटरचा दाब पुरतो. अडचण येते ती शरीराकडून. तासाला किलोमागे १३ मिलिच्या वर पाणी ओढलं की पायात गोळे येतात, बीपी कोसळतं, हृदयावर ताण पडतो. साठ किलोंच्या माणसाला चार तासांत ३.१ लिटर ही हद्द. दोन डायलिसिसच्या मध्ये साडेचार किलो वजन वाढवून आलेल्याला 'मोठा डायलायझर लावा, जास्त पाणी निघेल' असं सुचवणं म्हणूनच चुकीचं. त्याला जास्त तास द्यावेत आणि घरी मीठ कमी करावं.

आता उणी बाजू. लो-फ्लक्स जाळीतून युरिया (६० डाल्टन) आणि क्रिएटिनिन (११३) सहज जातात. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे ११,८०० डाल्टनचं प्रथिन मात्र जवळजवळ जात नाही. निरोगी मूत्रपिंड ते गाळून नलिकेत मोडून टाकतं. डायलिसिसवर ते वर्षानुवर्षं साठत जातं आणि पुढे मनगटातली नस दाबणं, खांदे दुखणं, हाडात गाठी होणं असे त्रास सुरू होतात. हाय-फ्लक्स, म्हणजे मोठ्या छिद्रांच्या जाळीचे, डायलायझर याच्यासाठी असतात. याच कंपनीचे एफएक्स ६० (१.४ चौरस मीटर, गुणांक ४६) आणि एफएक्स ८० (१.८ चौरस मीटर, गुणांक ५९) यांचे धागे आणखी बारीक, १८५ मायक्रॉनचे, आणि भिंत ३५ मायक्रॉनची आहे. मग सरसकट हेच का घेऊ नयेत? अमेरिकेत १,८४६ पेशंटवर झालेल्या हेमो चाचणीत (२००२) हाय-फ्लक्समुळे एकूण मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. २००९ च्या युरोपातल्या एमपीओ चाचणीत फायदा दिसला तो ज्यांच्या रक्तातलं अल्ब्युमिन डेसिलिटरला ४ ग्रॅम किंवा त्याखाली होतं त्यांना. म्हणजे उपयोग आहे, पण जाहिरातीत वाटतो तेवढा सरसकट नाही.

शिवाय हाय-फ्लक्सला पाणी चांगलं लागतं. एका सेशनला मिनिटाला ५०० मिलिप्रमाणे १२० लिटर डायलिसेट रक्ताच्या शेजारून वाहतं, आणि मोठ्या छिद्रांच्या जाळीत निळ्या टोकाकडे थोडं डायलिसेट उलट रक्तात घुसतं. पाण्यात जंतूंचं विष असेल तर तेही सोबत येतं आणि तासाभरात थंडी वाजून ताप भरतो. साध्या आरओ पाण्याला मिलिलिटरमध्ये १०० जंतू आणि ०.२५ युनिट एंडोटॉक्सिनपर्यंत (हेच ते जंतूंचं विष) मुभा आहे. अल्ट्राप्युअर म्हणवणाऱ्या डायलिसेटला ०.१ आणि ०.०३. मशीनला अल्ट्राफिल्टर बसवलेला नसेल, पाण्याचे महिन्याचे रिपोर्ट सेंटर दाखवत नसेल, तर लो-फ्लक्सच बरा. जिथे पाणी चोख आहे, पेशंट तरुण आहे, ट्रान्सप्लांट लवकर होणार नाही आणि खर्च झेपतो, तिथे एफएक्स घ्यावा. एवढ्याच पैशांत महिन्याला दोन सेशन जास्त होणार असतील, तर आमचं मत सेशनच्या बाजूने.

फॉस्फरसचं काम कुठलाच डायलायझर धड करत नाही. एका सेशनला ८०० ते १,००० मिलिग्रॅम निघतो आणि जवळपास तेवढाच एका दिवसाच्या जेवणातून आत येतो. तो पेशींच्या आत दडलेला असल्याने रक्तात यायला वेळ घेतो. म्हणून जेवणाबरोबरच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. अल्ब्युमिनला चिकटून फिरणारी इंडॉक्सिल सल्फेटसारखी विषंही मागेच राहतात. आठवड्याच्या हिशेबात पाहिलं तर क्रिएटिनिनपुरतं मिनिटाला १७० मिलि धरून बारा तासांत १२२ लिटर रक्त साफ होतं. मूत्रपिंडं १६८ तासांत हजार लिटर करतात, आणि वर हिमोग्लोबिनसाठी एरिथ्रोपोएटिन आणि हाडांसाठी ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप तयार करतात. ते इंजेक्शन-गोळ्यांनीच द्यावं लागतं.

निर्जंतुकीकरणाला पूर्ण गुण. एचपीएस मालिका वाफेने निर्जंतुक केलेली आहे. ईटीओ (एथिलीन ऑक्साइड) वायूने केलेल्या डायलायझरवर काहींना पहिल्या पाच-वीस मिनिटांत खाज, धाप, छातीत आवळल्यासारखं होतं. इथे ती भीती नाही. पॉलिसल्फोनची ॲलर्जी क्वचित होते, नाही असं नाही. तसं झालं तर पंप थांबवून क्लॅम्प लावायचे आणि ते रक्त परत द्यायचं नाही.

जोडणीत सर्वाधिक हयगय होते ती प्राइमिंगमध्ये, म्हणजे रक्त सोडण्याआधी सलाइनने हवा काढण्यात. निळं टोक वर धरून सलाइन सोडायचं, हवा आपोआप वर निघते. नळकांड्याला हाताने टिचक्या मारत राहायचं. लिटरभर सलाइन आतून गेलंच पाहिजे. घाईत अर्ध्या लिटरवर आटोपलं तर काही धाग्यांत हवेचे बुडबुडे राहतात, तिथे रक्त शिरतच नाही किंवा शिरून गोठतं. चार तासांनंतर रक्त परत दिल्यावर नळकांडं पांढरं किंवा फिकट गुलाबी दिसायला हवं. काळपट पट्टे दिसले तर तेवढे धागे गेले. कारणं ठरलेली असतात: हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) कमी किंवा उशिरा दिलं, पंप वारंवार थांबला, वेग कमी होता, मध्येच रक्त चढवलं, शेवटी सलाइनने नीट धुतलं नाही. मध्येच टीएमपी, म्हणजे जाळीच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, चढत गेला तर धागे गोठताहेत, आणि व्हेनस प्रेशर चढलं तर व्हेनस चेंबर किंवा सुई पाहा. ब्लड लीकचा अलार्म आला आणि डायलिसेट खरंच लालसर असेल तर डायलायझर बदलायचा, त्यावर चर्चा नाही.

राहिला रीयूज. एकच डायलायझर धुऊन त्याच पेशंटला पुन्हा वापरणं आपल्याकडे रुळलेलं आहे. पाकिटावर २ हा आकडा तिरकी रेघ मारून छापला असेल तर कंपनीच्या मते ती वस्तू एकदाच वापरायची. तरीही सेंटर रीयूज करत असेल तर निदान तो कसा होतो ते विचारा. आरओच्या पाण्याने धुणं, जाळीतून उलट दाबाने पाणी काढणं, मग टीसीव्ही म्हणजे धाग्यांत किती मिलि मावतं त्याची मोजणी, दाबाची गळती चाचणी, आणि शेवटी जंतुनाशक भरून ठेवणं. पेरासेटिक ॲसिड किमान अकरा तास, फॉर्मालिन असेल तर चोवीस तास आत राहायला हवं. सकाळी वापरलेला डायलायझर त्याच संध्याकाळी परत लावला जात असेल तर गडबड आहे.

टीसीव्ही मूळच्या ८० टक्क्यांच्या खाली गेला की डायलायझर बाद. एफ ६ साठी ही सीमा सुमारे ६२ मिलि, एफ ८ साठी ९० मिलि. नेमकं करायचं तर पहिल्या वापराआधी तुमच्याच डायलायझरचं मोजमाप घेऊन ते लिहून ठेवायला हवं. 'आमच्याकडे दहा वेळा वापरतो' हे उत्तर नव्हे. किती वेळा ते टीसीव्ही ठरवतो. कुणाचा चौथ्यालाच जातो, कुणाचा त्यापुढेही टिकतो. ब्लीच वारंवार वापरल्याने डायलायझर पांढराशुभ्र दिसतो खरा, पण पॉलिसल्फोनची भोकं सैलावून अल्ब्युमिन गळू लागतं. पांढरेपणावर भाळू नका. लावण्याआधी उरलेल्या जंतुनाशकाची पट्टीने तपासणी झालीच पाहिजे: पेरासेटिक ३ पीपीएमच्या खाली, फॉर्मालिन ५ पीपीएमच्या खाली. लेबलवर नाव, नोंदणी क्रमांक, कितवा वापर, तारीख आणि टीसीव्ही हे सगळं हवं, आणि सेशन सुरू होताना ते नाव पेशंटने किंवा सोबतच्या माणसाने स्वतः वाचावं. एकाच आडनावाचे दोघे एका शिफ्टला असतील तर डबल खात्री. हिपॅटायटिस बी असलेल्या पेशंटचा डायलायझर रीयूज करायचा नसतो.

खरेदीचं थोडक्यात. छापील किंमत आणि मिळणारी किंमत यांत बरीच तफावत असते, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारावं आणि महिन्याचे एकदम घेतले तर भाव पाडून मागावा. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस होत असेल तर डायलायझर बाहेरून आणायला का सांगितला, हे आधी योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा. पाकिटाची मुदत, सील आणि दोन्ही टोकांच्या टोप्या पाहून घ्या. प्रवासात आपटलेला खोका परत करा, कारण तुटलेला धागा बाहेरून दिसत नाही, तो रक्त सुरू झाल्यावरच कळतो. आणि सेंटरने एफ ८ लिहून दिला असेल तर घेण्याआधी टेक्निशियनला मागच्या सेशनचा पंपाचा वेग आणि आर्टेरियल प्रेशर विचारा. २०० आणि उणे २४० असं उत्तर आलं, तर आधी फिस्टुला दाखवून घ्या.